थकबाकी आणि अब्रू



लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नाशिकच्या मेन रोडवर, सराफ बाजारात, रविवार कारंजापासून भद्रकालीपर्यंत दुकानादुकानांतून वह्यांची पूजा होते. कोऱ्या पानावर 'श्री' लिहून, हळद-कुंकू वाहून नव्या वर्षाचा हिशेब सुरू होतो. त्याच संध्याकाळी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आणखी एक हिशेब चालू असतो, आणि तो कुणी पाटावर मांडत नाही. बँकेचा हप्ता पाच तारखेला, फायनान्स कंपनीचा सात तारखेला, गटाचा दर सोमवारी, सोसायटीचं मार्चअखेर. हातउसने घेतले त्यांना 'दिवाळीत देतो' असा शब्द दिलेला असतो. दिवाळी येते तेव्हा तो शब्दही दारात येऊन उभा राहतो.

यंदाच्या दिवाळी अंकाची सुरुवात या दुसऱ्या हिशेबापासून करायची, असं आम्ही ठरवलं. सणासुदीला कर्जाचा विषय कशाला, असं काही वाचकांना वाटेल. पण ज्या घरात हप्ता थकलाय, त्या घराला त्याची बोच सणातच जास्त लागते. पाहुणे यायचे असतात, भाऊबीजेची ओवाळणी घालायची असते, मुलांना कपडे हवे असतात, आणि फोन वाजला की कर्ता माणूस ओट्यावर जाऊन हळू आवाजात बोलतो. आम्हाला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. कर्ज थकणं हा हिशेबाचा आणि कायद्याचा मामला आहे. आपण तो अब्रूचा करून ठेवलाय. अब्रूच्या भीतीनं माणूस गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याच्या महिन्यांतच त्याच्या हातातले मार्ग एकेक करून बंद होत जातात.

नाशिक जिल्ह्यात कर्ज कसं थकतं हे इथल्या कुणालाही सांगायला नको. निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागायतदार ऑक्टोबर छाटणीपासून माल गाडीत भरेपर्यंत औषधं, खतं आणि मजुरीवर पैसा ओतत असतो. मण्यात पाणी उतरायच्या वेळी एक अवकाळी पाऊस झाला की मण्यांना तडे जातात आणि वर्षाचं गणित एका रात्रीत उलटतं. कांद्याचं दुखणं आभाळाइतकंच दिल्लीतूनही येतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली, आणि शुल्क पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. या काळात लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात कांद्याचा भाव कितीही खाली आला, तरी सोसायटीचं व्याज काही थांबलं नाही.

त्यात 'नवं-जुनं' करण्याची आपली जुनी रीत. वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे शून्य टक्क्यानं पडतं. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शेतकरी कुणाकडून तरी चार-आठ दिवसांसाठी पैसे उचलतो, सोसायटीत भरतो आणि लगेच नवं कर्ज काढून त्याचे त्याला परत करतो. कागदावर कर्ज फिटलेलं दिसतं, घरात मात्र एक रुपयाही कमी झालेला नसतो. सगळं सुरळीत असेल तोवर हे चालतं. ज्या वर्षी नवं कर्ज मिळत नाही, त्या वर्षी चार दिवसांसाठी घेतलेले पैसे वर्षभर गळ्यात राहतात, तेही महिन्याला शेकडा तीन किंवा पाच रुपयांनी.

आपल्या जिल्ह्यात नेमकं तेच झालं. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला काही दिवसांतच मनाई झाली, आणि जमलेल्या नोटा कित्येक महिने तिजोरीत पडून राहिल्या. पुढे थकबाकी वाढत गेली, नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेवर प्रशासक आला आणि नव्या पीक कर्जाचा ओघ आटला. वसुलीसाठी बँकेनं जमिनींच्या जप्ती आणि लिलावाचा मार्ग धरला, आणि २०२३ मध्ये शेतकरी त्याविरुद्ध रस्त्यावर आले. या भांडणाला दुसरी बाजूही आहे, आणि ती विसरून चालणार नाही. बँकेतला पैसा बँकेचा नसतो. तो कुणा निवृत्त शिक्षकाचा, कुणा विधवेचा, गावच्या पतसंस्थेचा असतो. स्वतःच्याच ठेवीसाठी याच बँकेत खेटे घालणारी माणसंही नाशिककरांनी पाहिली आहेत. कर्ज फेडलंच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. ऐपत असून बुडवणारा आणि ऐपत संपल्यामुळे थकलेला, या दोघांना एकाच मापानं मोजायचं का, हा खरा प्रश्न आहे.

शहराची गोष्ट वेगळी दिसते, पण गाभा तोच. सातपूर-अंबडला कंत्राटी कामगाराचं काम सुटतं, मालेगावला यंत्रमागाची पाळी कमी होते, येवल्याच्या विणकराची पैठणी व्यापाऱ्याकडे पडून राहते. घरभाडं, शाळेची फी आणि दवाखाना थांबत नाही. अंकाच्या निमित्तानं सिडकोजवळच्या एका वस्तीत एका ताईंशी बोलणं झालं. चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या या ताईंनी मुलाच्या जुन्या वहीचं शेवटचं पान उघडून दाखवलं. त्यावर बँकांची नावं नव्हती, वारांची नावं होती. सोमवारवाले, बुधवारवाले, शुक्रवारवाले. प्रत्येक वारापुढे हप्त्याचा आकडा. शुक्रवारचा हप्ता सोमवारवाल्यांच्या कर्जातून जात होता, आणि सोमवारचा हातउसन्यातून. दोन गटांचं कर्ज नवऱ्याला माहीत नव्हतं. नवऱ्यानं मोबाइलवरच्या ॲपमधून घेतलेलं कर्ज त्यांना माहीत नव्हतं. एका खोलीच्या घरात दोघं दोन वेगवेगळे हिशेब एकमेकांपासून लपवून वाहत होते. त्यांची एकूण थकबाकी किती, हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं, कारण सगळे आकडे एका पानावर कधी आलेच नव्हते.

सुटकेची पहिली पायरी ही अशी साधी आहे. सगळी देणी एका पानावर लिहायची. कुणाचं, किती मुद्दल, काय व्याज, तारण काय, जामीनदार कोण, हप्ता किती, किती महिने थकले. घरातल्या मोठ्या माणसांनी हे पान एकत्र बसून बघायचं. मग पोटाला, औषधाला, शाळेला आणि राहत्या घराला लागणारे पैसे बाजूला काढून उरतात किती, ते पाहायचं. उरलेल्या पैशात सगळे हप्ते बसत नसतील, तर नवीन कर्ज काढून जुनं भरायचं नाही. तसं केलं की बुडणं फक्त पुढे ढकललं जातं, आणि तेही वाढीव व्याजानं.

दुसरी पायरी बँकेत जाण्याची, आणि इथे वेळेला फार किंमत आहे. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं अनुत्पादक ठरतं. कमी मुदतीच्या पिकाच्या कर्जाला ही मुदत दोन हंगामांची असते. त्याआधी शाखेत गेलेल्या माणसाला बँक मुदत वाढवून, हप्ता कमी करून, काही महिने थांबून कर्जाची फेरमांडणी करून देऊ शकते. एकूण व्याज जास्त जातं, आणि सिबिलवर नोंदही राहू शकते, हे समजून घेऊनच सही करायची. नैसर्गिक आपत्तीत तर रिझर्व्ह बँकेचे नियमच आहेत. सरकारनं आपत्ती जाहीर केली आणि पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असलं, की पीक कर्जाचं पुनर्गठन करता येतं. नुकसान ५० टक्क्यांच्या आत असेल तर जास्तीत जास्त दोन वर्षं, त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. यासाठी तोंडी विनवणी पुरत नाही. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. शिक्का मारलेला तो कागद पुढे कोर्टात, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, कुठेही उपयोगी पडतो. 'साहेबांना भेटून आलो' याला कुठेच किंमत नसते.

खातं थकीत झालं तरी दारं बंद होत नाहीत. एकरकमी तडजोडीचा, म्हणजे सामोपचाराचा मार्ग जवळपास प्रत्येक बँकेकडे असतो. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशा तडजोडींसाठी बँकांना संचालक मंडळाच्या मंजुरीनं धोरण ठरवायला सांगितलं. तडजोड करताना रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही येणं नाही' हे सगळं बँकेच्या पत्रावर लिहून घ्यावं. ठरलेल्या तारखेला पैसे जमणार नसतील तर होकार देऊ नये, कारण तारीख चुकली की सवलत जाते आणि भरलेले पैसे व्याजात जमा होतात. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत देणं बँकांवर बंधनकारक आहे. उशीर झाला आणि चूक बँकेची असली, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. शेतकऱ्यानं आणखी एक काम विसरू नये. निरंक दाखला घेऊन तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घ्यायचा. इतर हक्कांच्या रकान्यात बारीक अक्षरात बसलेली ती एक ओळ कर्ज फिटल्यावरही वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि पोराच्या नावावर वाटणी करायच्या दिवशी आडवी येते.

लोकअदालत हा असाच हाताशी असलेला आणि न वापरला जाणारा मार्ग. दावा दाखल व्हायच्या आधीही बँकेचं प्रकरण तिथे मिटवता येतं. निवाड्यावर अपील नसतं आणि न्यायालयातला दावा तिथे मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, दिव्यांगांना, औद्योगिक कामगारांना आणि पूर-दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेल्यांना मोफत वकील मिळतो, तोही उत्पन्नाची अट न लावता. वहीच्या शेवटच्या पानावर वार लिहिणाऱ्या त्या ताईंना हा हक्क आहे. अंबडच्या कामगारालाही आहे. विधी सेवेचा फोन १५१०० आहे.

नोटीस आली की ती न उघडता देवघरामागे ठेवायची, ही आपल्याकडची सर्वांत महागडी सवय. राहतं घर तारण असलेल्या कर्जात २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक आधी ६० दिवसांची नोटीस देते. त्या मुदतीत लेखी हरकत घेता येते, आणि बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. ताब्याच्या कारवाईनंतर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. शेतजमिनीला हा कायदा लागू होत नाही. सहकारी संस्थांची वसुली मात्र सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली चालते, आणि तिथे सुनावणीला हजर राहणं फार महत्त्वाचं आहे. वसुली दाखला एकदा निघाला की वर दाद मागायला वसुलीची निम्मी रक्कम आधी भरावी लागते. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर भागातल्या आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, हेही पाड्यापाड्यावर माहीत असायला हवं.

कोर्टाच्या जप्तीलाही मर्यादा आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची आवश्यक भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, आणि धर्मरूढीनं स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. निव्वळ ऐपत नाही म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकणं घटनेला धरून नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या निकालातून सांगितलं. चेक न वटणं हा मात्र फौजदारी मामला होतो. म्हणून कोरे चेक सही करून कुणालाही देऊ नयेत, आणि चेकची नोटीस आली तर १५ दिवसांच्या आत वकिलाकडे जावं.

सावकाराबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणं हा गुन्हा आहे, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांकडून १५ आणि १८ टक्के, यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, असे दर सरकारनं ठरवून दिले. आता गावातला हिशेब मांडून बघा. ५०,००० रुपये शेकडा पाचनं घेतले तर महिन्याला २,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ६० टक्के. वीस महिन्यांत मुद्दलाएवढं व्याज जातं, आणि मुद्दल जागच्या जागी. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही, हा दामदुपटीचा दंडक कायद्यात आहे. व्याजापोटी जमिनीचं खरेदीखत लिहून घेतलं असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. चौकशीत तो सावकारीचा व्यवहार ठरला तर जमीन परत मिळू शकते. राज्यात अशा जमिनी परत मिळाल्या आहेत. 'पैसे दिले की खरेदी फिरवून देतो' या तोंडी शब्दावर सही मात्र कुणीही करू नये.

वसुलीच्या नावाखाली होणारी दमदाटी कुठल्याच कायद्यात बसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या आदेशानुसार वसुली प्रतिनिधीला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर थकीत कर्जासाठी फोन करता येत नाही. शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना आणि मित्रांना त्रास देणं यांना मनाई आहे. मायक्रोफायनान्सला तर ही वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी आहे. वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नयेत, अशी अटही मार्च २०२२ च्या नियमांत आहे. आता वस्तीतली गटाच्या हप्त्याची बैठक आठवा. बायका सतरंजीवर बसलेल्या, साहेब पैसे मोजतायत, एकीचे कमी भरले की कुणालाच उठू देत नाहीत. शेवटी शेजारणीच तिला बोलायला लागतात. वसुलीचं काम असं शेजारणींच्या तोंडून करून घेतलं जातं. असा त्रास झाला तर आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करायची, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्याला पैसे पडत नाहीत, आणि १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे तर सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात, म्हणून त्यांची तक्रार निबंधकांकडे. ॲपवाल्यांनी फोनमधले नंबर आणि फोटो काढून धमकावलं, तर पैसे भरत बसण्याआधी १९३० वर सायबर पोलिसांना कळवायचं.

कर्जदाराला मिळालेल्या या कायदेशीर आधारातलं काहीच आकाशातून पडलेलं नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलेल्या त्या दंग्यांत लोकांना हवे होते ते कर्जरोखे. ते मिळाले तिथे जाळले, आणि रोखे हाती दिलेल्या सावकाराला बहुतेक ठिकाणी हात लावला नाही. त्यातून चौकशी आयोग बसला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. कागदावर अंगठा आहे एवढ्यावर न थांबता न्यायाधीशानं व्यवहाराच्या मुळाशी जावं, हिशेब पुन्हा मांडावा, हप्ते बांधून द्यावेत, हे त्या कायद्यानं सांगितलं. चार वर्षांनी महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं. पुढे १९४७ मध्ये मुंबई प्रांताचा कर्जनिवारण कायदा आला, १९७५ मध्ये महाराष्ट्राचा. थकलेल्या माणसाला कायद्याचा आधार लागतो, ही जाण या मातीत दीडशे वर्षांची आहे. ती आपण विसरत चाललो आहोत.

कर्जमाफीबद्दल आमचं मत विचाराल तर तेही सांगतो. १९९०, २००८, २०१७, २०१९ अशा माफ्या झाल्या. त्या त्या वेळी अनेक घरांना श्वास मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. सरकारच्या निर्यात धोरणानं ज्याचा भाव पाडला, त्याला भरपाई मागण्याचा पूर्ण हक्क आहे. पण माफी बँकेच्या कर्जाला मिळते. सावकाराचं, फायनान्सचं, गटाचं, दुकानदाराचं कर्ज तिच्यात सहसा नसतं, आणि बुडवणारा बोजा बहुधा तोच असतो. माफी येणार या आशेवर जो थांबतो त्याचं व्याज वाढत राहतं, आणि जो इमानानं भरतो त्याला आपणच वेडे ठरलो असं वाटू लागतं. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या घोषणेपेक्षा बाराही महिने उघडं असणारं दार आम्हाला जास्त मोलाचं वाटतं.

ते दार देशाच्या कायद्यात अर्धवट बांधून ठेवलेलं आहे. नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ मध्ये आली. तिच्याखाली कंपन्यांची हजारो कोटींची कर्जं तडजोडीनं मिटतात, आणि कंपन्या पुन्हा उभ्याही राहतात. त्याच संहितेत अगदी गरीब कर्जदाराला नव्यानं सुरुवात करू देणारी एक तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत आणि कर्ज ३५,००० पर्यंत असलेल्या, स्वतःचं घर नसलेल्या माणसासाठी ती लिहिली. ती अजून लागू झालेली नाही, आणि सामान्य माणसासाठी अजून १९२० चा जुना नादारी कायदाच आहे. ही तरतूद आकडे आजच्या महागाईला साजेसे करून लागू करा, ही आमची पहिली मागणी. रिझर्व्ह बँकेनं २००९ मध्ये कर्ज समुपदेशन केंद्रांची योजना मांडली होती. पुढे त्या केंद्रांचा भर आर्थिक साक्षरतेच्या शिबिरांवर गेला. प्रत्येक तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक दिवस तरी असं समुपदेशनाचं टेबल लागावं, ही दुसरी मागणी. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेनं, म्हणजे बँक ऑफ महाराष्ट्रनं, आणि विधी सेवा प्राधिकरणानं मनावर घेतलं तर याला मोठा खर्च येणार नाही.

आणि तिसरी मागणी आपल्याकडे, वाचकांकडे आहे. नाशकात निवृत्त बँक अधिकारी, वकील, सनदी लेखापाल कमी नाहीत. ज्यांनी उभी हयात कर्ज प्रकरणं हाताळली त्यांना एखाद्याचं पान बघून काय आधी फेडायचं आणि अर्ज कसा लिहायचा हे अर्ध्या तासात सांगता येतं. गणेश मंडळं, वाचनालयं, सोसायट्यांचे हॉल यांनी महिन्यातून एक संध्याकाळ त्यासाठी द्यावी. एवढं केलं तरी पुष्कळ घरं सावरतील.

एक गोष्ट मुद्दाम शेवटाकडे ठेवली, कारण ती सगळ्यांत जड आहे. कर्जापायी जीव देणाऱ्या माणसांच्या बातम्या या जिल्ह्यालाही नव्या नाहीत. जाणाऱ्याला वाटतं, आपण गेलो की घर मोकळं होईल. तसं होत नाही. तारण तिथेच राहतं, जामीनदार तिथेच राहतो, आणि घर आपला आधार गमावून बसतं. मागे राहिलेल्यांनीही एवढं जाणून घ्यावं, की वारसांवर मृताच्या कर्जाची जबाबदारी वारशानं आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. वसुलीवाला काहीही म्हणो, त्यापलीकडचं देणं बायको-मुलांच्या माथी येत नाही. ज्याला रात्री झोप लागत नाही, ज्याच्या मनात वाईट विचार येतात, त्यानं १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे, चोवीस तास आहे, आणि मराठीत बोलता येतं. घरात असा माणूस गप्प झालेला दिसला तर त्याला उपदेश करू नका. त्याच्याशेजारी बसा आणि 'किती आहे रे, सगळं मिळून?' एवढंच विचारा. आकडा तोंडातून बाहेर पडला की त्याचं ओझं त्याच्या एकट्याचं राहत नाही.

या अंकात नेहमीप्रमाणे कथा आहेत, कविता आहेत, गोदाकाठच्या आठवणी आहेत, व्यंगचित्रं आहेत. कर्ज आणि कुटुंब या विषयावरचा लेखविभाग यंदा वेगळा काढला आहे. त्यात शेतकरी, गटातल्या बायका आणि बँकेत आयुष्य घालवलेली माणसं यांचे अनुभव आहेत. ज्यांनी आपली गोष्ट नाव न देण्याच्या अटीवर का होईना सांगितली, त्यांचे आम्ही विशेष ऋणी आहोत. 

ज्यांचे हप्ते वेळेवर जातात त्यांनी यंदाच्या फराळाच्या ताटाबरोबर शेजाऱ्याची विचारपूसही न्यावी. ज्यांचे थकले आहेत त्यांनी भाऊबीज झाली की सगळी देणी एका पानावर लिहून काढावीत, बँक उघडेल त्या दिवशी शाखेत जाऊन अर्ज द्यावा आणि पोच घेऊनच घरी यावं. मान खाली घालून जायचं कारण नाही. आपण पैसे देणं लागता. आपली माणुसकी आणि आपला मान कुणाकडे गहाण पडलेला नाही.

आपल्याला आणि आपल्या कुटुंबाला दीपावलीच्या आणि नूतन वर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

— संपादक